फाटकापाशी बोललेलं

ती मुलगी अमरावतीहून आली होती. तिथल्या विद्यापीठात ती संशोधन करत होती. मुलं परगावी गेल्यावर म्हातारी नवरा-बायको घरात दोघंच कशी राहतात, हा तिचा विषय. अकोल्यातलं आमचं घर तिला आमच्या शेजारणीने सुचवलं. "यांच्यासारखं जोडपं कॉलनीत दुसरं नाही," असं शेजारणीने तिला सांगितलं होतं. त्यात शेजारीण खोटं बोलली नव्हती. तिला कुंपणापलीकडून तसंच दिसत होतं.

मला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की का नाही, घरात काही आहे का, तब्येत बरी ना, असे प्रश्न सुरू होतात. आणि त्या दिवसांत मी प्रश्नांना घाबरत होते.

हे दिवाणी कोर्टात वकील होते, मी शाळेत मराठी शिकवायचे. मुलगा परदेशात आहे आणि मुलगी अमरावतीला, कॉलेजात शिकवते. यांचं विसरणं आधी किल्ल्या-चष्म्यापुरतं होतं, मग घरी यायचा रस्ताही चुकू लागला. त्या सुरुवातीच्या काळात एका संध्याकाळी डोकं स्वच्छ असताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "माझं काहीतरी बिघडतंय. तू कुणाला सांगू नकोस. मुलांनासुद्धा नाही. ज्या गावात मी उभा राहून बोललो, त्या गावाने माझी कीव करावी, हे मला सोसणार नाही." मी हो म्हणाले. विसरणं म्हणजे नुसतं विसरणंच, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मुलाखतीच्या दिवशी ऊन भयंकर होतं. आवाज नीट यावा म्हणून त्या मुलीने कूलर बंद करायला सांगितला. आम्ही तिघं बैठकीच्या खोलीत घामाने निथळत बसलो, मध्ये टीपॉयवर तिचं ते छोटं यंत्र. तिने संमतीचा कागद पुढे केला तर यांनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "बाई, माहिती गोपनीय राहील असं लिहिलंय, पण कुणापासून गोपनीय, ते नाही लिहिलं." मुलगी हसली. मीही हसले, आणि मनात म्हटलं, आजचा दिवस चांगला दिसतोय.

खरंच चांगला होता. हे इतकं छान बोलले की ऐकतच राहावं. जुने खटले सांगितले, आमच्या लेकीचं कौतुक केलं. रोज सकाळी आपण बायकोला चहा करून देतो, असंही सांगितलं. प्रत्यक्षात मी सिलिंडरचं रेग्युलेटर काढून डाळीच्या डब्यामागे ठेवत होते, कारण यांच्या हाती गॅस द्यायची सोय उरली नव्हती. मुलगी मध्येच माझ्याकडे वळून विचारायची, "काकू, आपल्याला या दिनक्रमाविषयी काय वाटतं?" मी यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "आमचं छान चाललंय." शेवटी तिने विचारलं, "आपल्याला आणखी काही सांगावंसं वाटतं का?" आम्ही दोघांनी माना हलवल्या. तिने आभार मानले, यंत्र उचललं, त्याचं बटण दाबलं आणि ते पिशवीत टाकलं. मी कूलर लावला. हे आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले.

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले तर ती मागोमाग आली. गटागटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाप्पा, लय ऊन होऊन राह्यलं काकू. आनखी एक गिलास देता का?"

मी बघतच राहिले. "तू कुठली गं?"

"दर्यापूरकडची. शेती-वावर हाये आमचं तिकडे. थे मशीन चालू असली का मले पुस्तकातलं बोला लागते."

माझं माहेर अकोटचं. वडील असेच बोलायचे. लग्न होऊन वकिलांच्या घरात आले आणि ती बोली सुटली. माहेरची माणसं गेल्यावर तर ती माझ्या कानांवर पडेनाशी झाली. मी अकोटची आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग त तुमी आमच्यातल्याच निंगाल्या," आणि ओट्याला टेकून गप्पा मारू लागली. बोलता बोलता तिची नजर कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या गादीवर गेली. मग दारावर गेली. दाराला आतून नवी कडी बसवलेली होती. मी घाईने म्हटलं, "चल, तुला फाटकापर्यंत सोडते."

फाटकापाशी ती उन्हासाठी तोंडाला दुपट्टा बांधत होती. नुसते डोळे उरले तेव्हा म्हणाली, "काकू, रागावू नोका. सैपाकाच्या खोलीले आतून कडी काहून लावली? अन् थ्या गादीवर कोन झोपते?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. शेजारीण कधी विचारील म्हणून मी ते घोकून ठेवलं होतं: कूलरच्या वाऱ्याने सांधे धरतात, म्हणून तिकडे झोपते. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हणाले, "मीच झोपतो वो माय. मले त्याईचं भेव लागते."

इतक्या वर्षांनी ती बोली तोंडात आली आणि तिच्याबरोबर बाकीचंही आलं. हे पहिल्यांदा झालं त्या सकाळचं मी तिला सांगितलं. मी न्हाऊन, केस पुसत बाहेर आले आणि यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग दोन्ही खांदे धरून मला भिंतीशी दाबलं आणि विचारलं, "माझी बायको कुठे आहे? तिची साडी तू का नेसलीस? काय केलंस तू तिचं?" त्यांचे डोळे वेड्यासारखे नव्हते, हेच मला सहन झालं नाही. ते घाबरलेले होते. माझ्याच काळजीने ते माझा गळा धरायला निघाले होते. त्यानंतर असं अधूनमधून होऊ लागलं. कधी घटकाभर, कधी अर्धा दिवस. मग एकदम ओळख परत यायची आणि ते विचारायचे, "चहा झाला का गं?"

मुलगी काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, "काय, प्रश्न संपले नाहीत वाटतं अजून?" हे उभे होते, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर हसू.

"नाही काका, निघालेच," ती म्हणाली, पुन्हा पुस्तकातल्या भाषेत, आणि भरभर कोपऱ्यावरच्या ऑटोकडे गेली.

फाटक लावून मी वळले. तिने बटण दाबलं ते मी पाहिलं होतं, पण यंत्र खरंच बंद झालं का, ते मला कसं कळणार? आणि बंद असलं तरी ती मुलगी ऐकून गेली होतीच. माझं बोलणं आता अमरावतीला पोचणार, तिथे विद्यापीठाच्या हॉलात लोकांसमोर वाचलं जाणार. अकोल्यातले निवृत्त वकील म्हटल्यावर ओळखायला कितीसा वेळ लागतो? आमच्या मुलीचं सासर त्याच गावात. मी मनातल्या मनात तो सगळा हॉल उभा केला, त्यात बसलेली माणसंसुद्धा. आणि यांना दिलेला शब्द मी एका परक्या पोरीपुढे, भर रस्त्यावर मोडला होता.

यांना सकाळचा नाश्ता आठवायचा नाही, पण फाटक मात्र आठवत राहिलं. जेवताना मध्येच घास खाली ठेवून विचारायचे, "त्या दिवशी फाटकापाशी त्या बाईला काय सांगत होतीस?" मी म्हणायची, "अकोटच्या गोष्टी." ते मान हलवायचे. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. उलटतपासणीत साक्षीदाराला पुन्हा पुन्हा त्याच जागी आणायचं, ही त्यांची जुनी सवय. माझं उत्तर एका शब्दाने जरी इकडचं तिकडे झालं तरी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलायचं. मी उत्तर बदलू नये म्हणून धडपडत होते.

एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. माझा मोबाइल बैठकीत राहिला होता. तो वाजला आणि यांनी उचलला. मी दारापर्यंत आले तोवर हे बोलत होते, अगदी अदबीने. "हो, हो, आपण आला होतात, आठवतंय. नाही, ती घरी नाही. बरेच दिवस झाले. मी चौकशी करतोय. तुम्हाला कुठे दिसली तर कृपा करून मला कळवा. इथे एक बाई येऊन राहिली आहे, तिला सगळं माहीत आहे, पण ती सांगत नाही." त्यांनी फोन ठेवला, वळले आणि मला पाहिलं.

मी स्वयंपाकघराकडे सरकले. ते मागून आले. हातात फिरायला जायची काठी होती.

"नाव सांगा."

मी नाव सांगितलं.

"ते माझ्या बायकोचं नाव आहे. तुमचं सांगा. या घरात कधी आलात?"

"लग्न होऊन आले तेव्हा."

"खोटं!" काठी मांडणीवर बसली. पातेली, ताटं, सगळं धडाधड खाली आलं. दुसरा तडाखा माझ्या दंडाला लागून गेला. मी त्यांच्या बगलेखालून बाहेर पडू शकत होते, पण अंगणाचं दार स्वयंपाकघराबाहेर, त्यांच्या बाजूला होतं आणि बैठकीतून फाटकापर्यंत पळायला माझे गुडघे साथ देणार नव्हते. एका पातेल्यावरून त्यांचा पाय घसरला, तोल सावरायला ते दोन पावलं दाराबाहेर गेले. मी दार लोटलं आणि कडी घातली.

मग मी त्या भांड्यांच्या पसाऱ्यात खाली बसले. दार दणदणत होतं. कडीचे स्क्रू हलताना दिसत होते. मी पाठ दाराला लावली. थोड्या वेळाने दणके थांबले. काठी फरशीवर टाकल्याचा आवाज आला. आणि मग हे घाबऱ्या आवाजात हाक मारू लागले, "अगं ए, कुठे आहेस? घरात एक बाई शिरलीय. तू बाहेर येऊ नकोस. आतून कडी लाव."

ते मला माझ्यापासूनच वाचवत होते. काय करावं ते सुचेना, आणि मी नेहमीसारखी ओ दिली. "अहो, मी आहे इथे. कडी लावलीय मी."

मग त्यांचा आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "तू आहेस? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुम्ही खुर्चीत बसा. ती बाई गेली."

"नक्की गेली?"

"मागच्या दाराने गेली."

मला बघून जे ओळखत नव्हते, ते आवाजावरून ओळखत होते. ते खुर्चीत बसल्याचं मला ऐकू आलं. मी आतून बोलत राहिले, भाजी कुठली करू, ऊन किती आहे, असलं काहीबाही. बोलणं थांबवायची हिंमत नव्हती आणि दार उघडायचीही नव्हती. दंड ठणकत होता.

बेल वाजली ती शेजारणीची. हातात कोथिंबिरीच्या सांबारवड्यांची बशी होती, मागे तिचे यजमान. यांनी दार उघडलं आणि "या, या" म्हणून हसून स्वागत केलं. शेजारणीचा आवाज ऐकून मी कडी काढली. तिचे यजमान यांच्याशी राजकारणावर बोलत बसले, आणि शेजारीण मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. मी म्हणाले, मांडणी पडली. तिने माझ्या दंडाकडे पाहिलं. म्हणाली, "त्या अमरावतीच्या पोरीचा फोन आला होता. एवढंच म्हणाली, काकूंकडे आत्ताच्या आत्ता जाऊन या, अन् मला काही विचारू नका."

म्हणजे तिने सांगितलं नव्हतं. इतके दिवस जिच्या तोंडाची मी धास्ती घेऊन बसले होते, तिने शेजारणीलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने आली. रात्री मी शेजारणीकडेच झोपले होते आणि तिचे यजमान आमच्याकडे; आताही ते यांच्याशी बुद्धिबळ खेळत बसले होते. यांना सोंगट्यांच्या चाली अजून येत होत्या. आम्ही दोघी शेजारणीच्या बैठकीत बसलो. मुलीचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "काकू, मले झोप नाही आली. आमच्या मॅडम म्हनतात, मशीन बंद झाल्यावर जे बोलले थे विचारल्याबिगर घ्याचं नाही. म्हनूनच फोन केला होता तुमाले. तुमी नाही म्हनलं त मी थे घेत नाही. पन काकू, मशीन बंद होती, मी त बंद नोती ना. मी आयकलं. आता मी काय करू?"

यांना शब्द दिल्याचं मी तिला सांगितलं. मुलांनाही सांगायचं नाही, असं ते बोलले होते.

ती नखं कुरतडू लागली. मग म्हणाली, "पन काल त्याईनं सोतःच मले सांगतलं ना. बायको सापडून नाही राहिली, दिसली त कळवा म्हने. त्याईनंच मदत मांगतली काकू. तुमी नाही सांगतलं."

मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. ते बरोबर आहे की नुसतं सोयीचं आहे, अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या क्षणी मला पकडायला तेवढंच होतं. मी माझ्या मुलीला फोन लावला. नंबर त्या पोरीने काढून दिला. माझं सगळं मुलीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू शेजारीच थांब. आम्ही निघतोय."

ती आणि जावई गाडी घेऊन आले. यांनी मुलीला ओळखलं, जावयालाही ओळखलं, आणि चार दिवस नातवंडांत राहायला म्हणून आनंदाने पुढच्या सीटवर बसले. मुलगी आणि मी मागे. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळत होतं की तिला पूर्ण खरं वाटत नाहीये. वडील तर ठणठणीत आहेत.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. मी मोरीवर तोंड धूत होते. परत आले तेव्हा हे मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारत होते, "ही बाई आपल्याबरोबर का येतेय? आईला कळवलंस का तू?" मुलीच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, तिच्या बाळंतपणातसुद्धा नाही.

गाडी हायवेला लागल्यावर यांनी आरशात पाहिलं असावं. ते एकदम म्हणाले, "गाडी थांबवा. मागे ती बाई बसलीय." जावई म्हणाले, "बाबा, पुढे थांबतो." यांचा हात दाराच्या खटक्यावर गेला. मागून ट्रक हॉर्न वाजवत येत होता. मुलगी "बाबा!" म्हणून ओरडली. जावयांनी दारं बंद करायचं बटण दाबलं की नाही, मला माहीत नव्हतं. मी सीटवर खाली वाकले, आरशात दिसणार नाही अशी, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अहो, काय हे? मी आहे ना मागे."

त्यांचा हात थांबला. "तू आलीस? कुठे होतीस इतके दिवस?"

"इथेच होते. तुम्ही पुढे बघा. मागे वळू नका, मान धरेल."

ते पुढे बघत बसले. तिथपासून बडनेऱ्यापर्यंत मी बोलत होते. मान खाली, तोंड सीटच्या पाठीशी. शाळेतल्या मुलांचं, अकोटच्या आमराईचं, लग्नात यांचे जोडे हरवले त्याचं. घसा कोरडा पडला, पण आवाज थांबला की ते वळतील ही भीती होती. मुलीने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता आणि ती आवाज न करता रडत होती. आता तिला सगळं खरं वाटत होतं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात असं होतं, चेहरा ओळखीचा वाटतो पण माणूस आपलं वाटत नाही, आणि आवाजाची ओळख कधीकधी शाबूत राहते. गोळ्या दिल्या. काठी आणि जड वस्तू हाताशी ठेवू नका म्हणाले. आम्ही अकोल्याचं घर बंद केलं आणि मुलीच्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहू लागलो. दिवसा एक माणूस यांच्या सोबतीला येतो, त्याला हे आपला पक्षकार समजतात. ती भिंतीशी दाबणारी वेळ गोळ्यांनी कमी झाली आहे, गेलेली नाही.

ती संशोधन करणारी मुलगी येते कधीमधी. ते बोलणं घ्यायला मी तिला हो म्हटलं होतं. पावसाळ्यात एकदा आपलं लिहिलेलं घेऊन आली आणि माझ्यासमोर वाचू लागली. वकील शब्द काढून तिने निवृत्त नोकरदार केलं होतं, गावही काढलं होतं. फाटकापाशी बोललेलं तिने शुद्ध मराठीत उतरवलं होतं: मला त्यांची भीती वाटते. मी म्हटलं, हे मी म्हणाले नव्हते. जे म्हणाले ते लिही, नाहीतर काढून टाक. तिने तिथेच बसून ते बदललं. मग पुढचं वाचू का, असं विचारलं. मी नको म्हणाले. पुढे दुसऱ्या एका जोडप्याचं होतं, आणि त्या दोघांच्या घरातलं मला ऐकायचं नव्हतं.

मुलगा पुढच्या महिन्यात येतो आहे. त्याला फोनवर थोडं सांगितलं आहे, सगळं नाही. तो वडिलांसारखाच दिसतो, आता केसही तसेच पांढरे झाले आहेत, आणि हे त्याला कोण समजतील ते सांगता येत नाही. माझी मुलगी म्हणते, आला की बघू. मी हो म्हणते, आणि त्याच्यासाठी कुठली खोली ठेवायची, तिला आतून कडी आहे का, हे जिना चढून जाऊन पुन्हा बघून येते.